तालुक्याच्या गावी इंग्रजी वाङ्मय

राम गणेश गडकरी यांचे निधन २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे झाले, हे आपण शाळेत असताना कधी ना कधी वाचलेले असते. आजारपणात ते येथे आपल्या बंधूंकडे येऊन राहिले होते आणि 'भावबंधन' नाटक त्यांनी येथेच, अखेरच्या दिवसांत, पुरे केले. वय होते अवघे ३३ वर्षांचे. ज्या लेखकाला महाराष्ट्राने आपला शेक्सपिअर म्हटले, त्याचे महाविद्यालयीन शिक्षण फर्ग्युसन कॉलेजातील पहिल्या वर्षाच्या पलीकडे गेले नव्हते. गणितात अनुत्तीर्ण झाल्यावर त्यांनी कॉलेज सोडले. शेक्सपिअर, शेली, मार्क ट्वेन हे लेखक त्यांनी वाचले ते कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे. स्वतःच्या वाचनाच्या भुकेपोटी वाचले.

या घटनेस शंभराहून अधिक वर्षे लोटली. आता तालुक्याच्या गावी महाविद्यालये आहेत आणि इंग्रजी वाङ्मय हा विषय पदवीला घेण्याची सोयही अनेक ठिकाणी आहे. गडकऱ्यांना जे कॉलेजाबाहेर धडपडून मिळवावे लागले, ते आज खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींना वर्गात बसून मिळू शकते. पण हा विषय मागणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेशाच्या टेबलावर पहिला प्रश्न विचारला जातो तो असा : 'हे घेऊन पुढे करशील काय?'

हा प्रश्न विचारणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे आरंभीच सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात प्रवेश समितीवर काम करीत असताना एका विद्यार्थिनीचा अर्ज समोर आला. वडील कोळशाच्या खाणीत कामगार. बारावीचे गुण बेताचे. ऐच्छिक विषयांत इंग्रजी वाङ्मय. मी अर्थशास्त्राचा अध्यापक. तिला मी संधी-खर्चाचा हिशेब ऐकवला. जो वेळ तू या विषयाला देशील तो स्पर्धा परीक्षेच्या उपयोगाच्या विषयाला दिलास, तर काय मिळेल याचा विचार कर, असे बजावले. तिने ऐकून घेतले, मान हलवली आणि अर्जातला विषय तसाच ठेवला. त्या वेळी मला तो तिचा हट्ट वाटला होता. आज मला माझा हिशेब अपुरा होता असे वाटते आणि तो का अपुरा होता हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

आक्षेपाची बाजू

प्रथम आक्षेपाची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती क्षुल्लक नाही. सावनेर तालुका म्हणजे संत्रा आणि कापूस पिकविणारा, भूगर्भात कोळसा असलेला आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दुरून दिसणारा मुलूख. मध्य प्रदेशची सीमा जवळ; त्यामुळे येथल्या मुलांच्या कानावर वऱ्हाडी-नागपुरी बोली, प्रमाण मराठी आणि हिंदी अशी तिहेरी भाषा लहानपणापासून पडते, काहींच्या घरी गोंडीही. इंग्रजी ही त्यांच्या वाट्याला तिसरी वा चौथी भाषा म्हणून येते. ज्या कुटुंबात पदवीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी आहे, तेथे तीन वर्षांचे शिक्षण म्हणजे तीन वर्षांची बुडालेली मजुरी. तिचा मोबदला लवकर हाती यावा अशी अपेक्षा आईबापांनी केली तर त्यांना दोष कोण देणार? अशा विद्यार्थ्याने बोलण्या-लिहिण्यापुरते इंग्रजी शिकावे, कविता-नाटकांचा डामडौल सुखवस्तू घरांतल्या मुलांसाठी ठेवावा, असे म्हणणारे बहुतेक लोक हितचिंतकच असतात.

या युक्तिवादात एक गृहीतकृत्य दडलेले आहे. वाङ्मय ही पोट भरल्यानंतरची गोष्ट आहे, आणि इंग्रजी वाङ्मय तर मुळातच उच्चभ्रूंच्या विद्यापीठांतून झिरपत खाली आलेली वस्तू आहे, असे त्यात मानलेले असते. या विषयाचा इतिहास पाहिला म्हणजे हे गृहीतकृत्य टिकत नाही.

विषयाचा जन्म कोठे झाला?

अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचा आपण गौरव करतो तो ॲडम स्मिथ 'वेल्थ ऑफ नेशन्स' हा ग्रंथ १७७६ साली प्रसिद्ध करण्यापूर्वी कितीतरी वर्षे वाङ्मयावर व्याख्याने देत होता. १७४८ पासून एडिंबरो येथे त्याने वक्तृत्व आणि ललित वाङ्मय या विषयावर इंग्रजीतून व्याख्यानमाला दिल्या. त्याचे श्रोते स्कॉटिश तरुण होते. त्यांची घरची बोली वेगळी होती, आणि लंडनच्या जगात मान मिळवायचा तर प्रमाण इंग्रजी लिहिता येणे त्यांना भाग होते. म्हणजे इंग्रजी वाङ्मयाच्या पहिल्या अध्यापकांपैकी एक जण अर्थशास्त्रज्ञ होता आणि त्याचे विद्यार्थी भाषेच्या दृष्टीने परिघावरचे होते. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने हा विषय निरुपयोगी ठरविण्यापूर्वी एवढे तरी आठवावे.

पुढचा इतिहासही असाच आहे. लंडनच्या नव्या विद्यापीठाने १८२८ साली इंग्रजीचा प्राध्यापक नेमला, तेव्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ग्रीक-लॅटिनमध्ये मग्न होती. मजुरांसाठी निघालेल्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटांतून, १८५४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या वर्किंग मेन्स कॉलेजातून, स्त्रियांच्या वर्गांतून इंग्रजी वाङ्मय शिकविले जात होते. ज्यांना लॅटिन येत नाही अशांचा हा विषय, अशीच त्याची प्रतिष्ठित वर्तुळात ओळख होती. ऑक्सफर्डने इंग्रजीचा स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम सुरू केला तो १८९० नंतरच्या दशकात, केंब्रिजने १९१७ साली. त्याच्या कितीतरी आधी, १८५७ साली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे स्थापन झालेली होती. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली निघालेले होते. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांनी आपल्याच भाषेचे वाङ्मय पदवीयोग्य मानण्यापूर्वी हिंदुस्थानातील विद्यार्थी त्यात परीक्षा देत होते.

यामागचा हेतू निर्मळ नव्हता, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मेकॉलेचे टिपण २ फेब्रुवारी १८३५ चे. रक्ताने हिंदी आणि अभिरुचीने इंग्रज असा दुभाषांचा वर्ग तयार करण्याचा त्यातला विचार सर्वश्रुत आहे. वाङ्मयाच्या अध्यापनाचा राज्य टिकविण्यासाठी कसा उपयोग झाला याची चिकित्सा गौरी विश्वनाथन यांनी 'मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट' या १९८९ मधील ग्रंथात केली आहे. परंतु देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याने केलेला उपयोग दुसरा, असे इतिहासात वारंवार घडते. इंग्लंडमध्येही ते घडले. आर. एच. टॉनी या अर्थेतिहासकाराने १९०८ पासून कामगारांचे वर्ग घेतले. रेल्वेच्या सिग्नलमनचा मुलगा असलेल्या रेमंड विल्यम्सने १९४६ पासून पंधरा वर्षे प्रौढांच्या वर्गांत वाङ्मय शिकविले. त्याच काळात, १९५८ साली, त्याचा 'कल्चर अँड सोसायटी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

अमेरिकेत तालुक्याच्या महाविद्यालयाला सर्वांत जवळची संस्था म्हणजे कम्युनिटी कॉलेज. शिकागोजवळील जोलिएट येथे १९०१ साली तिचा आरंभ झाला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शुल्क कमी, प्रवेश सर्वांना खुला, आणि पुढे विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी, असे तिचे स्वरूप. पूर्वी या संस्थांना ज्युनिअर कॉलेज म्हणत. शिकागोतील अशाच एका ज्युनिअर कॉलेजातून ग्वेंडोलिन ब्रुक्स ही कृष्णवर्णीय मुलगी १९३६ साली बाहेर पडली. त्यापुढे तिचे औपचारिक शिक्षण झाले नाही. १९५० साली तिला कवितेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखक होय. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली ती मात्र कौशल्यशिक्षणापुरती. नाव उचलले, त्या संस्थांत वाङ्मयाचाही वर्ग भरतो, हे राहून गेले.

मराठीने काय घेतले?

महाराष्ट्रात या वाङ्मयाचा लाभ कोणी घेतला, हे पाहिले तरी तोच अनुभव येतो. 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' १८८३ साली मराठीत आणणारे आगरकर दारिद्र्यात शिकलेले होते. मराठीतले पहिले सुनीत मानली जाणारी कविता १८९२ साली लिहिणारे केशवसुत मॅट्रिकच्या पुढे न गेलेले शाळामास्तर होते. इंग्रजीचे प्राध्यापक म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले आणि १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तिकडच्या चळवळीवरून घेतले. विंदा करंदीकरांनी इंग्रजीचे अध्यापन केले आणि 'राजा लिअर' मराठीत आणला. महेश एलकुंचवारांनी नागपुरात इंग्रजी शिकवीत असताना विदर्भातल्या वाड्यांची पडझड नाटकात मांडली. या सर्वांनी इंग्रजी वाङ्मय वाचले आणि लिहिले मात्र मराठीत. इंग्रजीमुळे मराठीचे नुकसानच होते, या समजाला हे परस्पर उत्तर आहे.

भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव पाटील हा नायक लहान गावांतल्या कॉलेजांत इंग्रजी शिकवीत फिरतो. १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबऱ्यांत या अध्यापनातला पोकळपणा निर्दयपणे दाखविला आहे, आणि तो खोटा नाही. ज्यांना समजत नाही त्यांना, ज्यांना आवड नाही त्यांनी, जे परीक्षेनंतर कोणी उघडणार नाही असे पुस्तक शिकवावे, हे दृश्य आजही पाहावयास मिळते. पण हा दोष वाङ्मयाचा की आपण त्याला दिलेल्या रूपाचा, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मला एका वर्गाच्या दारात मिळाले.

शेवंतीचा वास

इंग्रजी विभागातील सहकारी एकदा अभ्यासक्रमाबाहेरची कथा वाचून दाखवीत होते. माझा तास पुढचा असल्याने मी बाहेर थांबलो होतो. कथा डी. एच. लॉरेन्सची होती : १९११ साली प्रसिद्ध झालेली 'ओडर ऑफ क्रिसॅन्थेमम्स'. लॉरेन्स हा नॉटिंगहॅमशायरमधील कोळसा खाणकामगाराचा मुलगा. कथेत एक बाई संध्याकाळी नवऱ्याची वाट पाहत असते. खाणीची पाळी सुटली, माणसे घराकडे वळली, हा आला नाही. तो दारूच्या गुत्त्यात बसला असेल म्हणून ती धुमसत असते. रात्री त्याचे प्रेत घरी येते. खाणीत दगड कोसळून तो आत कोंडून गुदमरलेला असतो. त्याचे अंग पुसताना तिच्या लक्षात येते की, ज्याच्यासोबत संसार केला तो माणूस आपल्याला कधी कळलाच नाही.

क्रिसॅन्थेमम म्हणजे आपली शेवंती, असे अध्यापकांनी सांगितले आणि वर्गातले अंतर एकदम कमी झाले. वाचन संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग प्रवेशाच्या टेबलावर जिने माझा सल्ला मानला नव्हता, ती मुलगी म्हणाली, 'सर, बाबाची शिफ्ट सुटून अर्धा तास झाला ना, की माय दारातच उभी राहते. काही बोलत नाही. आम्ही समजत होतो, तिला राग येते.'

एवढेच ती बोलली. गाईडमधल्या कोणत्याही उत्तरात ते वाक्य नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या खाणीतल्या बाईमुळे तिला आपल्या दारातली आई दिसली, आणि जे घरात कधी बोलले गेले नव्हते ते तिला बोलता आले. माझ्या हिशेबात या गोष्टीला रकाना नव्हता. मी वेळेचा संधी-खर्च मोजला होता. हा विषय न घेतल्यास काय गमावले जाईल हा त्याच हिशेबाचा दुसरा भाग मोजायचा राहून गेला होता.

व्यावहारिक बाजूही आहे. त्या दिवशी वर्गाने सलग तासभर इंग्रजी ऐकले, कारण पुढे काय झाले हे कळून घ्यायचे होते. संभाषणकौशल्याच्या पुस्तिकेतले 'बँकेत खाते उघडताना' हे संवाद पाठ होतात आणि विसरले जातात. भाषा मनात मुरते ती सांगण्यासारखे आणि ऐकण्यासारखे काही असेल तेव्हा. कार्यालयात मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला, शाळेत शिकविणाऱ्या शिक्षकाला एखाद्या शब्दाचे वजन कळावे लागते. ती जाण वाङ्मयाच्या सावकाश वाचनातून येते. तिला जवळची वाट मला तरी ठाऊक नाही.

खरी टंचाई कशाची?

मग विषयाला विद्यार्थी कमी का? अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे इच्छा असूनही प्रभावी मागणी निर्माण होत नाही आणि पुरवठाही आटत जातो. सहायक प्राध्यापकाचा कार्यभार आठवड्याला १६ तास धरलेला आहे. विद्यार्थी घटले की तुकडी कमी होते, तासिका कमी होतात, पद धोक्यात येते. निवृत्त झालेल्या प्राध्यापकाच्या जागी तासिका तत्त्वावर शिक्षक येतो. त्याला दोन-तीन गावे सांभाळून पोट भरावे लागते. जो तास संपताच पुढची बस गाठतो त्याच्याशी पुस्तकाबद्दल बोलायचे कधी? मग विद्यार्थी गाईडकडे वळतो, निकाल घसरतो, आणि 'या विषयाला मागणी नाही' हा निष्कर्ष कागदोपत्री सिद्ध होतो. कारण आणि परिणाम यांची अशी अदलाबदल अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने केली तर आपण त्याचे गुण कापतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने मुख्य आणि गौण विषयांची मोकळी निवड देऊ केली आहे. विज्ञानाच्या किंवा वाणिज्याच्या विद्यार्थ्यानेही वाङ्मय शिकावे, ही कल्पना चांगली आहे. पण निवडीचे स्वातंत्र्य हे शिकविणाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. नागपूरच्या मोठ्या महाविद्यालयातली निवड आणि तालुक्याच्या गावातली निवड नियमात सारखी, व्यवहारात निराळी. सावनेरहून नागपूर ४० किलोमीटरच्या आत आहे. 'ज्याला वाङ्मय हवे त्याने तिकडे जावे' असे म्हणणे सोपे आहे. दररोज जाण्यायेण्याचा खर्च आणि वेळ कोणाला परवडतो आणि मुलीला रोज एवढे लांब कोणत्या घरातून पाठवितात, याचा विचार केला म्हणजे त्या वाक्याचा अर्थ कळतो. त्याचा अर्थ असा की, वाङ्मय ठरावीक घरांतल्या मुलांनीच शिकावे.

काय करता येईल?

उपाय फार मोठे नाहीत. पहिला, प्रत्येक सत्रात एक तरी पुस्तक वर्गात मोठ्याने, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले जावे. आठ लेखकांच्या सारांशांपेक्षा एका लेखकाची पूर्ण ओळख अधिक मोलाची. दुसरा, वर्गात मराठी आणि हिंदी निःसंकोच वापरावी आणि भाषांतराला परीक्षेत मानाचे स्थान द्यावे. शेवंतीचा शब्द सापडल्यावर काय घडते ते वर सांगितलेच आहे. तिसरा, प्रश्नपत्रिकेत न वाचलेला उतारा देऊन त्यावर स्वतःचे मत विचारावे, म्हणजे गाईडची सद्दी आपोआप ओसरेल. चौथा, ग्रंथालयाच्या वेळा खेड्याकडे जाणाऱ्या बसच्या वेळा पाहून ठरवाव्यात. पाचवा आणि सर्वांत खर्चाचा उपाय म्हणजे पूर्णवेळ शिक्षकांची भरती. पहिले चार उपाय अध्यापकांच्या आणि अभ्यास मंडळांच्या हाती आहेत. पाचव्याचा भार शासनावर आहे, आणि तो टाळून धोरणाची उद्दिष्टे गाठता येणार नाहीत.

त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. ती बी.ए. झाली. काही काळ एका दुकानात हिशेब लिहीत होती, नंतर लग्न होऊन सीमेपलीकडे गेली. आता तिकडे मुलांच्या शिकवण्या घेते, असे ऐकतो. यशोगाथा म्हणून मांडावे असे यात काही नाही. 'हे घेऊन पुढे करशील काय?' या माझ्या प्रश्नाला पगाराच्या आकड्यात देता येईल असे उत्तर तिच्यापाशी तेव्हाही नव्हते, आजही नसावे. पण तिच्या घरातला एक मूक प्रसंग तिने वाचायला शिकला आणि तो आमच्यापुढे वाचून दाखविला, याचा मी साक्षीदार आहे.

येत्या जून महिन्यात पुन्हा प्रवेशाचे टेबल लागेल. कोणी अर्जावर इंग्रजी वाङ्मय लिहून आणले, तर त्यातले धोके मी त्याला सांगेनच. ते सांगणे माझे कर्तव्य आहे. पण पेन उचलून तो विषय खोडायला मी त्याला सांगणार नाही. गडकरी ज्या गावात अखेरचे लिहीत होते, त्या गावात एवढी मुभा तरी विद्यार्थ्याला असली पाहिजे.